विहारातला काळू गेला : शोक, शंका आणि आपले काम

शहादा तालुक्यातील आमच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत तिथे बसतात. चार वर्षांपूर्वी एक काळे पिल्लू दारात येऊन बसले आणि तिथलेच झाले. त्याला कोणी विकत आणले नव्हते, कोणाच्या नावावर तो नव्हता. मुली रात्री घरी निघाल्या की तो त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून परत यायचा. रविवारी वंदना सुरू झाली की पायरीवर पडून राहायचा. गेल्या पावसाळ्यात आजारी पडल्यावर पाचव्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याच्यावर उपचार झाले नाहीत असे नाही. उपचार झाले, पैसेही गेले. पण ते उपचार बरोबर होते का, ही शंका आमच्या मनातून जात नाही. ज्यांच्यावर शंका आहे त्यांची नावे आम्ही इथे देणार नाही, कारण सिद्ध करण्यासारखे आमच्या हातात काही नाही. ते का नाही, आणि पुढच्या वेळी ते असावे म्हणून काय करावे, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना कळावे यासाठी हा लेख.

काय घडले ते थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी त्याने भाकरी सोडली. अंग तापलेले होते. गावात मोटारसायकलवर फिरून गाई-म्हशींना इंजेक्शन देणारे एक गृहस्थ येतात. त्यांनी ‘गरमी झाली आहे’ म्हणून दोन इंजेक्शने दिली. कोणती, ते आम्ही विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो जरा उठला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आले. कोणीतरी म्हणाले, विष घातले. लगेच नजरा वळल्या त्या समोरच्या काकांकडे. रात्रीच्या भुंकण्यावरून त्यांची आणि आमची दोनदा बोलाचाली झाली होती. चौथ्या दिवशी आम्ही काळूला गोणपाटात घालून रिक्षाने शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेले. तिथेही विषबाधेचेच निदान झाले. सलाइन लावले, इंजेक्शने दिली आणि चौदाशे रुपये घेतले. रक्त तपासले नाही. कागद दिला नाही, आम्हीही मागितला नाही. पहाटे तो गेला.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा आमच्यातलाच एक दादा सुट्टीत घरी आला होता. मोबाईलमधले फोटो पाहून त्याने दोन प्रश्न विचारले. अंगावर गोचीड होत्या का? हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या का? दोन्हींचे उत्तर होय होते. तो म्हणाला, हा गोचीड ताप असू शकतो, विषबाधाही असू शकते, रक्ताशिवाय सांगता येणार नाही. आणि काळू तर जमिनीत गेला होता.

गोचीड ताप म्हणजे काय, हे आम्ही नंतर समजून घेतले. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिताना रोगजंतू रक्तात सोडते. त्यातला एक प्रकार रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो, दुसरा तांबड्या पेशी फोडतो. ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या फिक्या पडतात. प्लेटलेट कमी झाल्या की नाकातून रक्त येते. उंदीर-घुशी मारायची काही औषधेही रक्त गोठू देत नाहीत, त्यामुळे ती पोटात गेल्यावरही कुत्र्याचे रक्त वाहते. लक्षण एकच आणि कारणे दोन, म्हणून डोळ्यांनी पाहून केलेले निदान चुकू शकते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि पेशी मोजणे, एवढी तपासणी तरी लागते. पहिल्या प्रकारचा ताप वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध साधारण चार आठवडे दिले जाते आणि बरीच कुत्री वाचतात. दुसऱ्या प्रकाराचे औषध वेगळे आहे. ‘असेल काहीतरी, हेच देऊन पाहू’ हे इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी त्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने देणे धोक्याचे आहे. ताप दिसला की घरातली गोळी अर्धी करून भाकरीत घालायची सवय आपल्याकडे आहे. पहिल्या दिवशी आमच्यापैकीच एकाने ती घातली होती. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण दुसऱ्याच्या चुकीविषयी लिहायचे तर स्वतःची लपवून चालणार नाही.

त्या दादाने तिसरा प्रश्नही विचारला होता, आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. ‘त्याच्या तोंडात हात कोणी घातला होता?’ औषध पाजताना दोघांनी घातला होता. रेबीज म्हणजे पिसाळून धावणारा कुत्रा, एवढेच आपल्याला माहीत असते. मूक रेबीजमध्ये कुत्रा शांत होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. लोकांना वाटते घशात हाड अडकले, आणि ते हात घालून पाहतात. काळूची लक्षणे तशी नव्हती, तरी दोघे त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात गेले आणि तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने लस सुरू केली. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि लगेच लस घ्यायची. दुःख कितीही असो, हे काम आधी.

आता दुःखाविषयी.

काळू गेला त्या सकाळी अभ्यासिकेतल्या मुली रडत होत्या. एक ज्येष्ठ बाबा चिडले. ‘कुत्र्यासाठी कसले रडता? आणि त्याला हात लावायला तुम्हीच का? मेलेली ढोरे ओढायचे सोडायला बाबासाहेबांनी सांगितले ना?’ आम्हाला राग आला, पण बाबांचे म्हणणे पोकळ नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावाने लादलेली हलकी कामे टाकण्याचा मार्ग दाखवला. त्याच महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मुभा होती आणि माणसांना बंदी होती. १९३१ मध्ये गांधीजींशी झालेल्या पहिल्या भेटीतही बाबासाहेबांनी कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागणुकीचा दाखला दिला होता. ज्या समाजाला कुत्र्याच्याही खाली ठेवले गेले, त्यातल्या म्हाताऱ्याला कुत्र्यासाठीचे अश्रू खुपले तर नवल नाही. आजही गावात-शहरात मेलेले जनावर उचलायला बहुतेक वेळा कोणाला बोलावतात, ते आपल्याला माहीत आहे.

पण बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती. जन्मावरून लादलेले काम नाकारणे वेगळे आणि आपल्या दारात वाढलेल्या जीवाला आपल्या हाताने माती देणे वेगळे. राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. कुत्र्याचे उदाहरण देऊन विषमतेवर बोट ठेवणारे बाबासाहेब आणि टॉबीवर प्रेम करणारे बाबासाहेब एकच आहेत. त्यांचा राग कुत्र्यावर नव्हता, माणसाला माणूस न मानणाऱ्यांवर होता. बावीस प्रतिज्ञांमध्येही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. बाबांना आम्ही छायाचित्राची आठवण दिली. ते काही बोलले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत.

पाळलेल्या प्राण्याच्या मृत्यूचे दुःख बौद्ध साहित्याला नवीन नाही. जातकांत हरणाच्या पाडसाची एक कथा आहे, मिगपोतक जातक. एक तापस आई मेलेले पाडस आणून मुलासारखे वाढवतो. ते मरते तेव्हा तो आक्रोश करत फिरतो. शक्र येऊन त्याला विचारतो, संन्यास घेतलेल्या माणसाला हा शोक शोभतो का? तापस सांगतो की सोबत राहिल्याने माणूस असो वा पशू, जीव जडतोच, मग शोक कसा आवरावा? शक्र त्याला रडण्याची निष्फळता समजावतो आणि तो सावरतो. हत्तीच्या पिल्लाविषयी जवळपास अशीच सोमदत्त जातकाची कथा आहे. प्रवचनात या कथा सांगताना शक्राचे उत्तर तेवढे सांगितले जाते. आम्हाला तापसाचे उत्तरही तितकेच मोलाचे वाटते. कथेने त्याला वेडा ठरवलेले नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले आहे, मग त्याला पुढे नेले आहे. शोक करणाऱ्या मुलीला ‘एवढ्यासाठी काय रडतेस’ म्हणणारे आपण शक्रापेक्षा घाईत असतो.

पण उपचार चुकल्याची शंका असते तेव्हा दुःख साधे राहत नाही. संयुत्त निकायात बुद्धांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. एक बाण लागतो तो शरीराच्या वेदनेचा. न शिकलेला माणूस त्यावर मनाच्या वेदनेचा दुसरा बाण लावून घेतो. काळूचे जाणे हा पहिला बाण. ‘पहिल्याच दिवशी शहरात नेले असते तर’, ‘गोळी कशाला घातली’, ‘त्या माणसाला सोडायचे नाही’ हे दुसरे बाण, आणि ते आठवडाभर एकामागून एक येत राहिले. आमच्यातल्या एकाने दवाखान्यासमोर जाऊन व्हिडिओ करायचा आणि सगळीकडे टाकायचा, असे ठरवले होते. त्याला थांबवायला वेळ लागला. थांबवले ते भीतीने नव्हे. आमच्याकडे सांगण्यासारखी एकच खात्रीची गोष्ट होती, की रक्त तपासले नाही. बाकी सगळा अंदाज होता, आणि अंदाजावर उपचार केले म्हणूनच तर आम्ही चिडलो होतो.

इथे कुक्कुर जातक आठवते. वाराणसीच्या राजाचा रथ अंगणात राहतो, रात्री पावसाने चामडे भिजते, आणि राजवाड्यातलीच जातिवंत कुत्री ते खातात. सेवक सांगतात, गटारातून बाहेरची कुत्री शिरली आणि खाऊन गेली. राजा हुकूम देतो, दिसेल ते कुत्रे मारा. वाड्यातली तेवढी वगळा. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, एकटा दरबारात जातो आणि राजाला विचारतो, चामडे कोणी खाल्ले ते ठाऊक आहे का? नाही. मग वाड्यातल्या कुत्र्यांना सूट कशी? तो नुसता वाद घालत नाही. ताकात दर्भ कालवून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला सांगतो. ती ओकतात आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडतात.

गटारातले दोषी आणि वाड्यातले निर्दोष, हे गृहीत धरूनच शिक्षा ठरली होती. आपल्या वाचकांना ही रचना नव्याने समजावून सांगायला नको. पण त्या दिवसांत राजाच्या जागी आम्ही होतो. समोरच्या काकांनी विष घातले, असे आम्ही जवळजवळ ठरवून टाकले होते. आधार काय, तर भांडण. काळू गेला त्या सकाळी फावडे घेऊन पहिले तेच आले. खड्डा खोल हवा, नाहीतर दुसरी जनावरे उकरतील, असे म्हणून त्यांनी कमरेइतका खणला. आम्ही त्यांच्याविषयी काय बोललो होतो ते त्यांना कळले होते की नाही, अजून माहीत नाही. विचारायचे धाडस झालेले नाही.

अंदाज आणि तपासणी यांतला फरक आपल्या जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरू लागल्या. सुरुवातीला तो नेहमीचा राणीखेत समजला गेला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले की हा बर्ड फ्लू आहे, भारतातला पहिला. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. निदान मान्य नसलेले पोल्ट्रीवालेही होते. पण वाद मिटवायला नमुना होता, प्रयोगशाळेचा अहवाल होता. राणीखेतही कोंबड्या झपाट्याने मारतो, म्हणून पहिला अंदाज करणाऱ्यांना सरसकट मूर्ख किंवा लबाड म्हणता येत नाही. अंदाजावर थांबणे ही चूक असते.

म्हणून पुढे काय करायचे ते स्पष्ट लिहितो. उपचार करणाऱ्याला औषधाचे नाव विचारा आणि लिहून घ्या. लाज वाटत असेल तर रिकाम्या बाटलीचा फोटो काढा. पैसे दिले तर पावती मागा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा असतो. राज्य सरकार आदेशाने ठरवील त्या किरकोळ सेवा इतरांना देता येतात, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार. मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला हे विचारण्यात अपमान करण्यासारखे काही नाही. मात्र धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तोच एकटा पोहोचतो, हेही खरे आहे. त्याला हाकलून दिले तर त्याच्या जागी कोण येणार, याचे उत्तर सरकारकडे मागावे लागेल. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे. ती आपल्या गावात येते का, किती वेळाने येते, याची नोंद कार्यकर्त्यांनी ठेवली तर मागणी करताना ती उपयोगी पडेल.

प्राणी गेल्यावर शंका असेल तर पुरण्याची घाई करू नका. शवविच्छेदन हाच एक मार्ग उरतो. आपल्याकडच्या उष्णतेत शव काही तासांत खराब होते, म्हणून ते सावलीत, बर्फाच्या पिशव्या लावून ठेवावे. गोठवू मात्र नये. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विनंती अर्ज द्यावा. रेबीजची शंका असेल तर शवाला स्वतः हात लावू नये. आम्ही दोन तासांत काळूला माती दिली. त्रिशरण घेतले, पाच मिनिटे मौन पाळले. त्या वेळी तेच योग्य वाटले. त्यासोबत एकमेव पुरावाही पुरला गेला.

तक्रारीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की तक्रार फसते. नोंदणीकृत डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत निष्काळजीपणा झाला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सर्वांना मोफत मिळणारी सरकारी सेवा मात्र ग्राहक कायद्यात बसत नाही, तिथे खात्याच्या वरिष्ठांकडे अर्ज करावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते जाणूनबुजून केलेल्या कृत्यासाठी. निदान चुकले म्हणून ते लागत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवणे प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ सालचे पन्नास रुपये आजही तेच, यावर वेगळा लेख होईल.

गिरनारच्या शिलेवर सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख आहे. त्यात दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे तो सांगतो, माणसांची आणि पशूंची. जिथे औषधी वनस्पती नाहीत तिथे त्या आणून लावल्या, असेही म्हणतो. आपण जयंतीच्या भाषणात अशोकाचे नाव घेतो ते चक्रासाठी आणि स्तंभांसाठी. तालुक्याच्या दवाखान्यात रक्ततपासणीची सोय मागताना हा शिलालेख अर्जात लिहायला हरकत नाही.

आम्ही अजून तक्रार केलेली नाही. चिठ्ठी नाही, पावती नाही, शवविच्छेदन नाही. परिषदेकडे पाठवता येईल एवढे कागद जमत नाहीत. त्याऐवजी शहरातल्या त्या डॉक्टरसाहेबांना पत्र लिहून कोणती औषधे दिली आणि रक्त का तपासले नाही, एवढे दोन प्रश्न विचारायचे ठरले आहे. मसुदा तयार आहे. त्यात ‘चुकीचे उपचार’ लिहावे की ‘उपचारांविषयी शंका’, यावर दोन मते आहेत. रविवारी वंदनेनंतर बैठक आहे. समोरच्या काकांनाही बोलावले आहे.